अकरा गुणांचा रणगाडा

"साहेब, तो शत्रू आधीच मेलेला होता का?"

दफेदार हिंदुराव घोरपडे खोक्यातून उतरले, हेडफोनची टोपी काखेत धरली आणि अगदी अदबीनं मला हे विचारलं. त्यांच्या मागे त्यांचे दोन साथीदार उभे होते. ड्रायव्हर सर्जेराव मोकाशी छताकडे बघत होता. तोफेवरचा दत्तू केंद्रे त्या दोघांच्या बरोबर मध्ये उभा राहून स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"मेलेला नव्हता," मी म्हणालो. "जिवंत होता."

"हलला न्हाई."

"तुमच्यासाठी थांबवून ठेवला होता."

"असं व्हय," दफेदार म्हणाले. "मग त्याला आमचे आभार सांगा."

शेजारी उभे असलेले कर्नल कुरियन खोकले. हॉलमधला एसी फार जोरात होता, त्यामुळे त्यांना सर्दी झाली असावी असं मी धरून चाललो. पुढचे तीन दिवस मी बऱ्याच गोष्टी अशाच धरून चाललो.

याला आता चौदा वर्षं झाली. गावाचं नाव सांगत नाही, कारण न सांगण्याच्या कागदावर माझी सही आहे. महाराष्ट्रातलंच एक छावणीचं गाव होतं. मे महिना, बाहेर बेचाळीस अंश. हॉलमध्ये एकोणीस, कारण माणसांना काहीही चालतं, कॉम्प्युटरला चालत नाही. जवान भर मे महिन्यात स्वेटर घालून सरावाला यायचे.

मी मानसशास्त्रात एम.ए. केलं होतं आणि त्यातून तोवर कुणाचंही, माझंही, काही भलं झालं नव्हतं. मग कोथरूडमधल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या कंपनीनं मला घेतलं. ही कंपनी लष्करासाठी खोटे रणगाडे बनवायची. खोटा रणगाडा म्हणजे प्लायवुडची तीन बंद खोकी. एकात कमांडर, एकात तोफवाला, एकात ड्रायव्हर. आत खऱ्यासारखी सीट, खऱ्यासारखे दांडे आणि बाहेर बघायच्या फटीच्या जागी पडदा. त्या पडद्यावर वाळवंट, धूर, शत्रू वगैरे. तिघं एकमेकांना दिसत नाहीत, फक्त हेडफोनवर ऐकू येतात. वर काचेच्या खोलीत आम्ही बसायचो आणि सगळं बघायचो.

खोक्यांचं काम इंजिनियरांचं होतं. माझं काम हुशारीचं होतं. आमचं यंत्र प्रत्येक टीमकडे बघून सराव बदलायचं. टीम चांगली चालली की शत्रू वाढवायचं, धूर सोडायचं. टीम अडखळली की शत्रू कमी करायचं, ऊन पाडायचं. हुशार पोराला अवघड गणित आणि ढ पोराला सोपं, तसं. जवानांनी दुसऱ्याच दिवशी त्याला 'मास्तर' हे नाव ठेवलं आणि कंपनीनं ठरवलेलं लांबलचक इंग्रजी नाव नंतर कुणाच्याही तोंडी आलं नाही.

टीम अडखळते आहे हे मास्तरला कसं कळायचं, तर संवादावरून. ही कल्पना संपूर्णपणे माझी. कोण कुणाशी किती बोलतो, उत्तर किती सेकंदांत येतं, हे मोजून तो शंभरपैकी गुण द्यायचा. ते काय बोलताहेत हे त्याला कळत नसे. अर्थ कळण्याची सोय पुढच्या आवृत्तीत होती.

दफेदार घोरपड्यांच्या टीमला त्या दिवशी अकरा गुण पडले होते. बाकीच्या अकरा टीम पन्नास ते ऐंशीच्या दरम्यान होत्या. मास्तरला या तिघांची दया आली. त्यानं धूर काढला, वारा थांबवला, शत्रूचे सहा रणगाडे होते त्यांतले पाच परत पाठवले आणि उरलेला एक भर दुपारी सपाट मैदानात आडवा उभा करून ठेवला. दत्तूनं तो पहिल्या गोळ्यात उडवला. त्यानंतर सोळा मिनिटं ते तिघं रिकाम्या वाळवंटात फिरत होते.

हे नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आमच्या प्रस्तावात परिच्छेद सात, उपपरिच्छेद तीन असा होता: शेवटच्या सत्रात ज्या टीमचा संवाद-गुण चाळीसच्या खाली राहील ती टीम मोडावी आणि तिच्या सदस्यांना इतर टीममध्ये विभागावं. कर्नल कुरियन हे आमचं यंत्र तपासणाऱ्या लष्करी मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी हे कलम जसंच्या तसं मान्य केलं होतं. लिहिलं होतं मी. लिहिताना फार बरं वाटलं होतं.

शेवटचं सत्र परवा होतं.

दुपारी जेवण झाल्यावर मी त्या सत्राचं ध्वनिमुद्रण ऐकायला बसलो. मास्तरनं साफ केलेल्या मुद्रणात वीस मिनिटांत एकूण सात वाक्यं होती आणि सातही दत्तूची. म्हणून मी साफ न केलेलं, मूळ मुद्रण लावलं. त्यात इंजिनाच्या घरघरीखाली सारखं काहीतरी वाजत होतं. टक. टक टक. टक.

बोलायचं बटण नुसतं दाबून सोडलं की हेडफोनमध्ये असा आवाज होतो. मी चित्र आणि आवाज शेजारी शेजारी लावले. दफेदारांचा एक टक झाला की रणगाडा डावीकडे. दोन झाले की उजवीकडे. लांब दाबून सोडलेला टक म्हणजे थांब. आणि प्रत्येक वेळी, अर्ध्या सेकंदाच्या आत, ड्रायव्हर सर्जेरावचा एक टक: समजलं. बाराही टीममध्ये एवढी झटपट उत्तरं कुणाची नव्हती. आणि हे सगळे टक मास्तरला ऐकू जात नव्हते, कारण बटणांचा आवाज हा गोंगाट समजून पुसून टाकावा असं मीच ठरवलं होतं. त्याबद्दल कंपनीत पेढे वाटले होते.

मी खुर्चीतून उठलो आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मला शोध लागला होता. ही वाईट टीम नव्हती, शब्दांच्या पलीकडे पोचलेली टीम होती. मी वहीत 'निःशब्द समन्वय' असे दोन शब्द लिहिले आणि त्यांच्याखाली दोनदा रेघ मारली. (याच नावाचा निबंध मी पुढे दोन परिषदांमध्ये वाचला. त्याबद्दल मिळालेलं पितळी बोधचिन्ह आमच्या फ्रिजवर आहे. पाहुणे ते उचलून बघतात आणि परत ठेवतात.)

मी पुण्याला देवस्थळी सरांना, म्हणजे आमच्या मालकांना, फोन केला.

"सर, मास्तरला टक मोजायला लावू या. दोन ओळी बदलायच्या आहेत."

"आगाशे, सॉफ्टवेअरवर मंडळाचं सील लागलंय. आता स्वल्पविरामही बदलता येत नाही."

"पण सर, यंत्र चुकतंय."

"यंत्र चुकत नाही," सर म्हणाले. "आपलं कंत्राट अजून व्हायचंय. तू माणसं दुरुस्त कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माणसं दुरुस्त करायला गेलो. तिघं कॅन्टीनबाहेर लिंबाखालच्या बाकावर चहा घेत होते. नेहमीप्रमाणे एका टोकाला दफेदार, दुसऱ्या टोकाला सर्जेराव, मध्ये दत्तू. मी जवळ उभा राहिलो.

"दत्तू," दफेदार समोर बघत म्हणाले, "त्याला सांग, पट्ट्याचा आवाज येतोय डाव्या बाजूनं. खऱ्या गाडीच्या."

"पट्ट्याचा आवाज येतोय," दत्तू दुसरीकडे मान वळवून म्हणाला. "डाव्या बाजूनं."

"त्यांना सांग," सर्जेराव म्हणाला, "कालच आवळलाय."

"कालच आवळलाय."

दोघांमध्ये अंतर जेमतेम चार फूट असेल. मी प्रभावित झालो. वहीत लिहिलं: आदेशसाखळीचं कडक पालन, विश्रांतीच्या वेळेतसुद्धा.

मी तिघांना परिच्छेद सात, उपपरिच्छेद तीन समजावून सांगितला. उद्या चाळीस गुण पडले नाहीत तर टीम मोडेल. यंत्राला टक कळत नाही, त्याला बोलणं लागतं. काहीही बोला, पण एकमेकांशी बोला. दिसेल ते सांगा, सांगितलं की उत्तर द्या.

सर्जेरावनं उरलेला चहा मातीत ओतला आणि उठून गेला.

दत्तू माझ्यामागून हॉलच्या दारापर्यंत आला. "साहेब, एक सांगू का?"

"सांग ना."

"ह्यांना बोलायला लावू नका."

"का?"

"गाडी चांगली चाललीय."

"अरे, चांगली चालली आहे हे मास्तरला कळायला नको का?"

"मास्तर परवा पुण्याला जाईल," दत्तू म्हणाला. "मला ह्या दोघांबरोबर राहायचंय. मी तोफेवर आहे म्हणतात सगळे. कसली तोफ. तीन वर्षं झाली, टेलिफोन एक्स्चेंज झालोय मी." एवढं सांगूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. जवान लोकांना नवीन पद्धती नको असतात, असं मी धरून चाललो.

दुपारी दफेदार एकटेच आले. दारात उभे राहिले, बस म्हटलं तरी बसले नाहीत.

"साहेब, त्या यंत्राला दुसरं काय चालत न्हाई का? ल्ह्यून दिलं तर?"

"नाही. बोलावंच लागेल. एवढं काय आहे त्यात दफेदारसाहेब? दुसरा ड्रायव्हर असता तर बोलला असतातच ना त्याच्याशी?"

"दुसऱ्याशी लई बोललो असतो. दिवसभर बोललो असतो." त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "पण मला ड्रायव्हर हाच पायजे."

"का, सगळ्यात चांगला आहे म्हणून?"

"चांगला हायेच. पण त्यासाठी न्हाई." मग म्हणाले, "हे पोरगं दुसऱ्या कुणाच्या गाडीत गेलं तर मला घरी तोंड दाखवता यायचं न्हाई."

मी विचारायला हवं होतं, घरी म्हणजे कुणाला. मी म्हणालो, "मग उद्या बोला."

"बोलतो," ते म्हणाले. माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांना खोक्याबाहेर गोळ्यांपुढे उभं करतोय.

शेवटचं सत्र सकाळी दहाला सुरू झालं. काचेच्या खोलीत मधोमध कर्नल कुरियन, त्यांच्या डावीकडे टिपण घेणारे मेजर सोढी, उजवीकडे मी. समोर मोठ्या पडद्यावर वाळवंट, आणि कोपऱ्यात मास्तरचा आकडा. स्पीकर सुरू होता.

पहिली दोन मिनिटं नुसतं इंजिन. आकडा शून्य. मास्तरनं सवयीप्रमाणे ऊन पाडलं.

"डावीकडं घे," दफेदार म्हणाले.

घसा न खाकरता बोलल्यासारखा आवाज आला. रणगाडा वळला. उत्तर नाही.

"फुडं टेकाड हाय. सांभाळून."

"दिसतंय मला," सर्जेराव म्हणाला.

आकडा चौदावर गेला. मी कर्नलसाहेबांकडे बघून हसलो.

"दिसत आसंल तर बरंय."

"मला समदं दिसतं. दिसत नसलेलंच कुणी सांगत न्हाई, दाजी."

दाजी. म्हणजे बहिणीचा नवरा. माझ्याकडे प्रत्येक जवानाचा चार पानी फॉर्म होता. त्यात उंची, रक्तगट, झोपेचे तास, चष्म्याचा नंबर, आवडता खेळ असं सगळं होतं. हा रकाना नव्हता.

"सर्जा, कामाचं बोल."

"बोला म्हणलं ना साहेबानं? मग बोलतो की. तीन वर्सांचं साठलंय."

आकडा एकेचाळीस. टेकाडामागून शत्रूचे दोन रणगाडे निघाले.

मेजर सोढींनी पेन उचललं. "सर, मला मराठी येत नाही. नोंदीत काय लिहू?"

कर्नल कुरियन इंग्रजीत म्हणाले, "आगाशे, भाषांतर करा. मेजरना लिहायचंय."

"ड्रायव्हर," मी म्हणालो, "आदेश मिळाल्याची पोच देतोय."

मेजर सोढींनी लिहून घेतलं.

"चिठ्ठी किती वाजता आली व्हती?" स्पीकरमधून सर्जेराव विचारत होता. "सांगा. दत्तू बी ऐकू दे. झाशीच्या रेंजवर आपल्या हापिसात फोन आला, तुमच्या हातात चिठ्ठी दिली. किती वाजता?"

"अकरा वाजता."

"अन मला कवा सांगितलं?"

"दफेदारसाहेब, उजवीकडं दोन," दत्तू म्हणाला. "फायर करू का?"

"कर. सा वाजता सांगितलं."

तोफ उडाली. एक शत्रू पेटला. आकडा अडुसष्ट.

"काय चाललंय?" कर्नल.

"वेळेची पडताळणी करताहेत सर," मी म्हणालो. "संदेश अकराला आला, सहाला पोचवला." यात एकही शब्द खोटा नव्हता. माझ्या तळहातांना एकोणीस अंशात घाम आला होता.

"एक वाजता स्टेशनाला ट्रक जात व्हता," सर्जेराव म्हणाला. "त्यात बसलो आसतो तर दुसऱ्या दिवशी दुपारच्याला घरी. दादानं चारपतूर थांबवून धरलं व्हतं आईला. बर्फाच्या लाद्या आणून. मी पोचलो तवा राख सावडत व्हते."

आकडा एक्याऐंशी. मास्तर खूश झाला होता. अशी टीम त्याला आठवड्यात मिळाली नव्हती. त्यानं धूर सोडला, वारा सोडला, मागून आणखी चार रणगाडे आणले.

"आई," कर्नल कुरियन म्हणाले. "आई म्हणजे मदर. एवढं मलाही कळतं."

"अडचणीच्या वेळी आमच्याकडे आईचं नाव घेतात सर."

मी पडद्याकडे बघितलं. रणगाडा उभा होता. मोकळ्या मैदानात, सहा दिशांनी दिसेल असा, सर्जेरावनं तो चक्क उभा केला होता.

"गाडी उभीय," दत्तू म्हणाला. "दाजी, न्हाई, मोकाशी, गाडी उभीय. डावीकडं तीन. कुणी ऐकतंय का? गाडी उभीय."

"हे काय?" मेजर सोढींनी विचारलं.

"शत्रूला चकवण्यासाठी थांबलेत," मी म्हणालो.

"चकवायला?" सोढी म्हणाले. "मैदानाच्या मध्ये?"

"तेच तर," मी म्हणालो.

"त्या दिवशी दुपारी फायरिंगचा कप व्हता," सर्जेराव म्हणाला. आता त्याचा आवाज चढलेला नव्हता, उलट उतरला होता. "ड्रायव्हर गेला आसता तर कप गेला आसता. म्हणून दाबून ठिवलीत चिठ्ठी. माझी आई एका कपासाठी."

शत्रूचा गोळा डावीकडून गेला. तिन्ही खोकी हादरली. आकडा शहाण्णव. पडद्यावर मास्तरनं हिरव्या अक्षरात 'उत्कृष्ट' असं लिहिलं.

दफेदार बोलेनात. चार सेकंद, पाच सेकंद. आकडा शहाण्णववरून ब्याण्णववर आला.

"कपासाठी न्हाई," ते म्हणाले.

"मग?"

"चार डाव आलो तुझ्याकडं. पयल्यांदा तू गाडीखाली व्हतास, ग्रीस लावत. शीळ घालत व्हतास. मी उभा राह्यलो. तू म्हणलास, पाना द्या. मी पाना दिला अन गेलो. परत आलो तर जेवत व्हतास. म्हणलं, चार घास खाऊ द्यावं. परत आलो तर हसलास माझ्याकडं बघून." मध्ये नुसती घरघर. "ती माझीबी कुणीतरी व्हती, सर्जा. मी तुझ्या बहिणीचं लगीन लागलं त्या दिवसापास्नं तिच्या हातचं खाल्लंय. माझ्या तोंडातनं निघंचना. एकची गाडी जाताना मी बघितली. हात केला न्हाई. कप मी स्टोअरमधी टाकलाय, घरी नेला न्हाई. तुझ्या बहिणीला विचार."

"आगाशे," कर्नल कुरियन म्हणाले. "काय म्हणतोय तो?"

माझ्यासमोर दोन गोष्टी होत्या. एक खरं भाषांतर. तीन वर्षांपूर्वी एका कमांडरनं आपल्या ड्रायव्हरच्या आईच्या मृत्यूची खबर सात तास खिशात ठेवली होती, हे मेजर सोढींच्या टिपणात जाईल. मग चौकशी होईल, आणि गुण शहाण्णव असोत नाही तर शंभर, या दोघांना पुन्हा एका रणगाड्यात कुणी बसवणार नाही. दुसरी गोष्ट मी केली.

"इंधनाची स्थिती सांगतोय सर," मी म्हणालो. "आणि, अं, दारूगोळ्याची."

"बराच मोठा अहवाल आहे."

"सविस्तर बोलतात सर ते. सातारा जिल्हा."

मेजर सोढी लिहीत होते. स्पीकरमध्ये पुन्हा नुसतं इंजिन होतं. मला सर्जेरावचं खोकं वरून दिसत होतं, नुसतं प्लायवुड. मी त्या प्लायवुडकडे बघत राहिलो. शत्रूचा एक रणगाडा समोर येऊन तोफ वळवत होता.

टक.

एक. सर्जेरावच्या बटणाचा. समजलं.

आणि रणगाडा एवढ्या जोरात मागे सरला की शत्रूचा गोळा त्याच्या आधीच्या जागेवर पडला. त्यानंतर कुणी एक शब्द बोललं नाही. टक टक. टक. टक. धुरातून वळत, टेकाडाच्या आड जात, तो रणगाडा एकेक करून उरलेल्या पाचांच्या बाजूला निघाला आणि दत्तूनं, मला वाटतं डोळे पुसत असूनही, पाचही उडवले. मी अशी गाडी चाललेली त्याआधी बघितली नव्हती, नंतरही नाही. मास्तरला मात्र यातलं काही ऐकू येत नव्हतं. टीम गप्प झाली म्हणजे अडचणीत आली, असं समजून त्यानं धूर काढला, वारा थांबवला आणि ऊन पाडलं. आकडा ब्याण्णव, सत्तर, चाळीस, पंधरा असा उतरत गेला. सत्र संपलं तेव्हा तो सहा होता.

पूर्ण सत्राची सरासरी: त्रेचाळीस.

मेजर सोढी कागद गोळा करून खाली गेले. कर्नल कुरियन यांनी निकालाचा तक्ता पुढे ओढला, टीमच्या नावापुढे 'कायम' असं लिहिलं आणि सही केली. मी सुटलो असं समजून पाण्याचा पेला उचलला.

"भाषांतर तुम्ही फार मोकळं करता हो, आगाशे," ते म्हणाले. मराठीत. माझ्यापेक्षा बऱ्या मराठीत.

पेला मी पुन्हा खाली ठेवला.

"खडकीत वाढलोय मी," ते म्हणाले. "वडील फॅक्टरीत होते. सातवीपर्यंत मराठी शाळा."

"सर, मग तुम्ही मला का..."

"सोढींना येत नाही ना. कुणीतरी सांगायला हवं होतं त्यांना काहीतरी." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आणि मला बघायचं होतं, तुम्ही काय सांगता."

दारापाशी जाऊन ते वळले. "शत्रूला चकवण्यासाठी थांबलेत, हे जरा जास्त झालं."

पहिल्या दिवशी त्यांना सर्दी झालेली नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

कंत्राट आम्हाला मिळालं. देवस्थळी सरांनी पुढच्या आवृत्तीचं काम माझ्याकडेच दिलं. यंत्राला बोलण्याचा अर्थ कळू लागेल, ती आवृत्ती. मी म्हणालो, हे मला जमणार नाही. सर म्हणाले, आगाशे, तू हुशार आहेस, जमेल. मी दोन महिन्यांनी नोकरी सोडली. कारण विचारलं तेव्हा तब्येतीचं सांगितलं.

पण त्या सकाळी, कर्नलसाहेब गेल्यावर, मी खाली उतरलो. माझ्या मनात त्या तिघांनी माझे आभार मानावेत असं थोडंसं होतं. ते कॅन्टीनबाहेर लिंबाखाली होते. बाकाच्या एका टोकाला दफेदार, हातात ग्लास. सर्जेराव त्यांच्याशेजारी, त्याच्याही हातात ग्लास. दोघं समोरच्या मैदानाकडे बघत होते, जिथं बघण्यासारखं काहीही नव्हतं.

दत्तू बाकापासून लांब, पायरीवर एकटा बसून बिस्किटं खात होता. मी त्याच्याजवळ गेलो.

"बोलताहेत का?" मी हळूच विचारलं.

दत्तूनं बिस्किट चहात बुडवलं. "अर्धा तास झाला," तो म्हणाला. "एक शब्द नाही. पण मला मध्ये बसवलेलं नाही."